दहा म्हणजे दहा

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात नवखं गिऱ्हाईक आलं की ते हमखास बुचकळ्यात पडायचं. दाराशेजारच्या काचेपाशी एक लहानखुरी बाई बसलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर कुणाचा तरी कोट. आणि मालक आतून ओरडतोय, "कॅप्टन, हा स्वेटर बघा हो, कसरीने पार चाळण केलीय!" गिऱ्हाइकाला वाटायचं, मालक बिचारीची चेष्टा करतोय. चेष्टा तर तो करायचाच, त्याचा स्वभावच तसा होता, पण हे नाव काही त्याने दिलेलं नव्हतं. बाई खरोखरच्या कॅप्टन होत्या. फौजेच्या नव्हेत की बोटीच्या नव्हेत, दुकानाला लागून असलेल्या चर्चमधल्या मुलींच्या पथकाच्या. गल्ली त्यांना कॅप्टनताई म्हणायची आणि त्यांचं मूळ नाव बहुतेक त्यांनाही आठवायला वेळ लागला असता.

पोटासाठी त्या रफू करायच्या. कोटाला भोक पडलं की त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून चार धागे उसवून काढायचे आणि त्याच धाग्यांनी भोक विणून बुजवायचं. बाहेरचा धागा लावणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरी. "रफू दिसला तर तो रफू नव्हे, ठिगळ," असं त्या म्हणायच्या. काम झाल्यावर गिऱ्हाईक कोट उजेडात धरून भोक शोधायचं, उलटा करायचं, सुलटा करायचं. त्या वेळी ताई मुद्दाम दुसरीकडे बघायच्या. एवढी एकच चैन त्या आयुष्यात करायच्या.

बाकी जीव सगळा शनिवारच्या संध्याकाळी. चर्चमागच्या हॉलमध्ये त्या दिवशी पथक भरायचं. लाकडी जमीन, फिनेलचा वास, तीन पट्ट्या मुक्या झालेला पियानो, भिंतीला टेकून तंबूंची पेटी. जमिनीवर खडूचा मोठा गोल काढलेला. निळा फ्रॉक, पांढरा ब्लाउज, पिवळा रुमाल घातलेल्या मुली त्या गोलावर उभ्या राहायच्या आणि ताई प्रत्येकीची नखं बघत फिरायच्या. त्यांच्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती. नखात मळ दिसला की मुलगी मुकाट्याने नळावर. मग प्रार्थना, मग दोरीच्या गाठी, मग बँडेज. एकदा बँडेजच्या सरावाला पाळकसाहेब स्वतः रुग्ण म्हणून बसले, तर मुलींनी त्यांचा जबडा इतका पक्का बांधला की शेवटची प्रार्थना त्यांना हुंकारातच करावी लागली. मुली हसून लोळल्या. ताईंनी मात्र गाठ तपासली आणि बांधणारीला पैकीच्या पैकी मार्क दिले.

पथकातल्या मुलींना ज्योती म्हणत. ज्योत मात्र येईल ती होत नसे. मुलगी आठ वर्षांची झाली की येऊ शकायची, पण पाहुणी म्हणून. पाहुणीची जागा गोलाबाहेरच्या बाकावर. तिने बघायचं, शिकायचं, गाणी म्हणायची, पण गोलात पाय ठेवायचा नाही. दहा वर्षं पुरी झाली की वचन. पथकाच्या निळ्या निशाणाचं टोक मुठीत धरायचं, कॅप्टनने दहा वर्षं पूर्ण झाली का विचारलं की हो म्हणायचं, आणि मग सगळ्यांसमोर म्हणायचं, "मी खरं बोलेन, दुसऱ्याचं ओझं उचलेन, आणि मला दिलेला दिवा विझू देणार नाही." मध्ये अडखळली तर कुणी सांगायचं नाही. तिचं तिला आठवेपर्यंत सगळ्यांनी ताटकळत उभं राहायचं. मग कॅप्टनने म्हणायचं, "तुझ्या शब्दावर मी विसंबते," आणि तिच्या फ्रॉकच्या छातीवरच्या खिशावर पितळेचा इवलासा दिवा टोचायचा. तो टोचला की मुलगी बाकावरून गोलात आली. विधी म्हणाल तर एवढाच.

ताई स्वतः त्याच बाकावरून गोलात आलेल्या. त्यांची आई हॉल झाडायची. आईच्या झाडूबरोबर आलेली ही पोर बाकावर बसून बघत राहायची, ती बघता बघता पाहुणी झाली आणि दहाव्या वर्षी ज्योत झाली. त्यानंतर एकदा संचलनात निशाण फाटकाच्या खिळ्याला अडकलं आणि टोकाशी टरकन फाटलं. मुली रडायला लागल्या. ही घरून सुई घेऊन आली, निशाणाच्याच दुमडीतून धागे काढले आणि हॉलच्या पायरीवर बसून फाटलेलं विणून टाकलं. कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हाच्या कॅप्टनबाईंनी निशाण खिडकीशी नेलं, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "कुठे फाटलं होतं गं?" आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचं कौतुक केलं होतं. पोट कशावर भरायचं आणि जीव कशात अडकवायचा, हे दोन्ही त्या पायरीवर एकदमच ठरून गेलं. पुढे दोनदा लग्नाच्या गोष्टी निघाल्या. दोन्ही ठिकाणी घोडं शनिवारपाशी अडलं, आणि ताईंनी ते तिथेच राहू दिलं.

एके काळी खडूचा गोल हॉलच्या भिंतींना टेकायचा. मग तो हळूहळू आत सरकत गेला. शनिवारी स्केटिंगचे वर्ग निघाले, नाचाचे निघाले, कॉम्प्युटरचे निघाले. आया यायच्या, हॉल बघायच्या आणि विचारायच्या, "ह्याचे परीक्षेत मार्क धरतात का?" नाही म्हटलं की गोड हसून जायच्या. शेवटी गोलात उरल्या पाच जणी. पाच मुलींचा गोल काढायचा म्हणजे काय, तरी ताई खडू घेऊन दर शनिवारी तो काढायच्या, तेवढ्याच गंभीर चेहऱ्याने.

आणि बाकावर एक पाहुणी होती. तिचं नाव बटण.

पहिल्या दिवशी ती स्वेटरचं बटण तुटलेलं घेऊन आली. ताईंनी कॉलरखाली टोचून ठेवलेली सुई काढली आणि पोरीला तिथेच उभी करून बटण लावून दिलं, तेव्हापासून हे नाव. दिसायलाही तशीच, बुटकी, गोल, चकचकीत. तिची आई कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असायची आणि बटण काउंटरखाली बसून दोरीच्या गाठी मारायची. वचन तर तिला पाठ होऊन जुनं झालं होतं. ते ती मांजरीला म्हणून दाखवायची, खोकल्याचं औषध न्यायला आलेल्यांना म्हणून दाखवायची. एकदा एका आजोबांनी गंमत म्हणून "तुझ्या शब्दावर मी विसंबतो" म्हटलं, तर ती गंभीरपणे म्हणाली, "तुम्ही नाही म्हणायचं. ते फक्त कॅप्टनताई म्हणतात." आणि दर शनिवारी निघताना ताईंना तिचा एकच प्रश्न असायचा.

"ताई, मी अजून पाहुणीच का?"

"दहा झाली का?"

"नाही."

"मग पाहुणीच. दहा म्हणजे दहा."

बटण मान डोलवायची आणि बाक भिंतीला सरकवून ठेवायची. बाक नीट लावणं हे पाहुणीचं काम होतं आणि ती ते कुरकुर न करता करायची. ताईंना ही पोर किती आवडायची ते त्यांनी कुणालाही कळू दिलं नाही, पोरीला तर नाहीच.

एका शनिवारी विभागाच्या बाई आल्या. सगळ्या पथकांवर देखरेख करणाऱ्या, स्वभावाने गोड, चेहऱ्याने दमलेल्या. त्यांनी मुलींचं गाणं ऐकलं, टाळ्या वाजवल्या, आणि मुली गेल्यावर ताईंना बाजूला घेतलं.

"ताई, नियम तुम्हाला माहीत आहे. वचन घेतलेल्या सहा जणी हव्यात. दोन वर्षं आम्ही तुमच्याकडे कानाडोळा केला. आता वरून विचारायला लागलेत. या महिन्याअखेर सहा दाखवा, नाहीतर पथक बंद करावं लागेल."

आवाज नेहमीसारखाच ठेवून ताई म्हणाल्या, "सहावी आहे. पुढच्या महिन्यात दहाची होतेय."

"मग देऊन टाका की तिला वचन या महिन्यात. चार दिवस इकडे की तिकडे, कुणाला कळतंय?"

"चार दिवस नाहीत, जास्त आहेत. तुम्ही थोडं थांबा ना पुढच्या महिन्यापर्यंत."

"माझ्या हातात असतं तर थांबले नसते का हो?" विभागाच्या बाई म्हणाल्या. त्यांनाही खरंच वाईट वाटत होतं.

मग ताई सहावी शोधायला निघाल्या. ज्या बाईने जन्मात कुणाच्या दारात जाऊन काही मागितलं नव्हतं ती दुकान सुटल्यावर दारोदार फिरू लागली. दहाच्या पुढची कुठलीही मुलगी चालणार होती. वचनाआधीचं पाहुणेपण दहापुढच्यांना माफ असे. कुणी चहा पाजला, कुणी दारातूनच वाटेला लावलं. एका जुन्या ज्योतीच्या घरी तर ताईंना मोठी आशा होती. तिची लेक बरोब्बर वयाची. जुनी ज्योत गळ्यात पडली, शिबिराच्या आठवणी काढून रडली, आणि शेवटी म्हणाली, "पण ताई, शनिवारी हिचं पोहणं असतं हो." ताई उठल्या, त्या लेकीची नखं बघितली, "छान आहेत" म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

इकडे सगळी गल्ली बटणाच्या नावाने ताईंच्या मागे लागली. पाळकसाहेब म्हणाले, "ताई, नियम माणसांसाठी असतो." दुकानाचा मालक म्हणाला, "कॅप्टन, गिऱ्हाइकाला कोट गुरुवारी देतो सांगून आपण शनिवारी देतो, जग बुडतं का?" बटणाची आई तर काउंटर सोडून दुकानात आली.

"ताई, मी आई आहे तिची. मी म्हणते ना, घ्या तिला. पोरगी रात्रंदिवस तोच जप करतेय. उद्या पथकच राहिलं नाही तर तिने काय करायचं?"

ताईंनी मांडीवरचा कोट बाजूला ठेवला. "वचनाचा पहिला शब्द काय आहे सांगा."

"मी खरं बोलेन."

"आणि ते म्हणण्याआधी मी तिला विचारणार, दहा वर्षं पूर्ण झाली का? ती हो म्हणणार. निशाण मुठीत धरून. आणि ते मीच तिला शिकवलेलं असणार. मग पुढच्या शब्दांना काय अर्थ राहिला?"

"अहो, पण कुणाला कळतंय?"

"तिला कळेल ना," ताई म्हणाल्या.

आईला राग आला. राग येण्यासारखंच होतं. ताठ माणसाचं हेच वाईट असतं, तो बरोबर असतो तेव्हाही त्याला धरून दोन चापट्या द्याव्याशा वाटतात. ताईंना स्वतःलाही तसंच वाटत होतं. महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी त्या आपल्या गणवेशाच्या खिशात दिवा घेऊनच हॉलवर गेल्या होत्या. मुली गोलावर, बटण बाकावर, पाय जमिनीला न टेकणारे पण पाठ सरळ. ताईंची मूठ खिशात दिव्यावर आवळलेली. पूर्ण संध्याकाळ ती तशीच आवळलेली राहिली, आणि मुली घरी गेल्यावर त्यांनी दिवा परत डब्यात टाकला. तळहातावर टाचणीचा ओरखडा उठला होता.

पथक बंद झालं.

बंद झालेल्या पथकाचं निशाण विभागाकडे परत पाठवायचं, नाहीतर चर्चमध्ये मानाने विसाव्याला ठेवायचं, असे दोन मार्ग होते. परत पाठवलेलं निशाण दुसऱ्या कुठल्यातरी पथकाला मिळतं. ताईंनी विसावा निवडला. निदान डोळ्यांसमोर तरी राहील, असा साधा विचार. रविवारी उपासनेच्या शेवटी दोन मुलींनी ते आणलं, पाळकसाहेबांनी शिडीवर चढून भिंतीवरच्या उंच कडीत काठी अडकवली. शेवटच्या कॅप्टनने आपला दिवा निशाणावर टोचायचा असतो, म्हणून ताईंचा जुना, घासून घासून गुळगुळीत झालेला दिवाही निशाणाबरोबर वर गेला. उरलेल्या नव्या दिव्यांचा डबा आणि शिट्टी विभागाच्या बाईंनी नेली. मग पाळकसाहेबांनी ठरलेला नियम मोठ्याने वाचला. विसाव्याला गेलेल्या निशाणाला पुन्हा हात लावायचा नाही, सुई लावायची नाही. जसं विरेल तसं विरू द्यायचं. धागा धागा होऊन ते आपोआप खाली येईल तेव्हाच त्याची सेवा पूर्ण.

हा नियम ताईंना लहानपणापासून तोंडपाठ होता. रफू करणाऱ्या बाईला तो लागू झाल्यावर काय होतं, हे मात्र त्यांना पुढच्या रविवारी कळलं. त्या नेहमीच्या जागी बसल्या आणि नजर वर गेली. पंख्याच्या वाऱ्याने निशाण हलत होतं आणि टोकाशी, पायरीवर बसून त्यांनी विणलेल्या जागी, एक धागा सुटून लोंबत होता. तो आत घ्यायला एक टाका पुरला असता. सुई कॉलरखाली होती. प्रवचन कशावर झालं ते ताईंना सांगता आलं नसतं. त्यापुढच्या रविवारी शेजारचा धागाही सुटला.

मालकाने एकदा दुकानातून विचारलं, "शिडी आणू का कॅप्टन? दुपारी चर्चमध्ये कुणी नसतं. तुमचा रफू, कुणाला कळतंय?"

"मालक, स्वेटर धुवा," ताई म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजात नेहमीची धार नव्हती आणि मालकाने पुढे चेष्टा केली नाही.

मग एका संध्याकाळी दुकानाचं दार ढकलून बटण आत आली. निळा फ्रॉक, पांढरा ब्लाउज, पिवळा रुमाल. रुमालाची गाठ अशी की उजवं टोक डाव्याला तंतोतंत. बुटांत तोंड दिसेल इतकी पॉलिश. ती काउंटरपाशी उभी राहिली, दोन्ही हात पुढे करून नखं दाखवली आणि म्हणाली, "ताई, आज मी दहा."

कोट न्यायला आलेलं गिऱ्हाईक हसलं. मालक आत निघून गेला, तो काही बाहेर आला नाही.

"बटण, पथक बंद झालंय गं," ताई म्हणाल्या.

"हो. पण माझं वचन?"

ह्याचं उत्तर कुठल्याच नियमात नव्हतं. ताईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दहा म्हणजे दहा, हे त्यांनीच दोन वर्षं पोरीला सांगितलं होतं. पोरीने ते ऐकलं होतं, थांबली होती, आणि ठरल्या दिवशी नखं कापून हजर झाली होती. तिच्या बाजूने कुठेही काही चुकलेलं नव्हतं.

"चल," ताई म्हणाल्या.

चर्चचं दार उघडंच होतं. आत कुणी नव्हतं. दोघी निशाणाखाली जाऊन उभ्या राहिल्या. बटणाने मान वर केली. मग ती जवळच्या बाकावर चढली, टाचा उंचावल्या, हात ताणला. बोटं आणि निशाणाचं टोक ह्यांत अजून दोन माणसांच्या उंचीचं अंतर होतं.

"उतर," ताई म्हणाल्या. "हात पुरला असता तरी धरायचं नाही आता त्याला."

"मग काय धरू?"

बटणानेच थोडा विचार केला आणि आपल्या पिवळ्या रुमालाचं टोक मुठीत घेतलं. पाठ सरळ केली.

"मी खरं बोलेन," ती म्हणाली आणि थांबली.

जे तिने मांजरीला म्हणून दाखवलं, खोकल्याच्या गिऱ्हाइकांना म्हणून दाखवलं, ते तिला आठवेना. तिचे कान लाल झाले. ती ताईंच्या तोंडाकडे बघू लागली. ताईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. पुढचा शब्द त्यांच्या दातांशी येऊन उभा होता, आणि सांगायचं नाही हा नियम अजून चालू होता की नव्हता हे सांगायलाही जगात कुणी नव्हतं. वर पंखा फिरत राहिला.

"दुसऱ्याचं ओझं उचलेन," बटण एकदम म्हणाली. "आणि मला दिलेला दिवा विझू देणार नाही."

झालं. आता कॅप्टनने बोलायचं होतं. बटण वाट बघत उभी राहिली, चेहरा वर, छाती थोडी पुढे, खिसा टोचून घ्यायला तयार.

ताईंनी तोंड उघडलं. तुझ्या शब्दावर मी विसंबते, एवढंच तर म्हणायचं होतं. आयुष्यभर किती मुलींना म्हटलं, आणि ह्या पोरीइतक्या खात्रीने कुणालाच म्हटलं नसतं. पण ते वाक्य कॅप्टनचं होतं आणि त्या आता कॅप्टन नव्हत्या. नुकतंच खरं बोलण्याचं वचन दिलेल्या मुलीसमोर त्यांना खोटी कॅप्टन होता येईना.

"मी ऐकलं बाळा," त्या म्हणाल्या. "सगळं ऐकलं."

बटणाला हे उत्तर माहीत नव्हतं. तिने आपल्या खिशाकडे बघितलं, मग ताईंच्या हातांकडे. हात रिकामे होते. दिव्यांचा डबा गेला होता, ताईंचा स्वतःचा दिवा डोक्यावर निशाणात लटकत होता. ताईंनाही आपल्या रिकाम्या हातांची लाज वाटली. त्यांनी कॉलरखालची सुई काढली. बटणाच्या फ्रॉकच्या आतल्या दुमडीतून निळा धागा उसवून घेतला, सुईत ओवला, गुडघे टेकून बसल्या आणि जिथे दिवा टोचतात तिथे खिशावर विणू लागल्या. टाके पडायचे तसेच पडले. दातांनी धागा तोडून त्या म्हणाल्या, "झालं."

बटणाने खिसा ओढून उजेडाकडे केला. डोळे बारीक केले. बोट फिरवून पाहिलं.

"ताई, काहीच दिसत नाहीये."

"दिसणार नाही. पण आहे."

"मग कुणाला कळणार?"

विभागाच्या बाईंनी हेच विचारलं होतं, मालकाने विचारलं होतं, आईनेही विचारलं होतं. तिला कळेल, असं ताई आईला म्हणाल्या होत्या. पण ती तर समोर उभी राहून विचारत होती. ठसठशीत लाल धागा आणायला हवा होता, कसंही वेडंवाकडं चालेल पण दिसेल असं काहीतरी काढायला हवं होतं, हे ताईंना आता सुचलं. पण दिसेल असा टाका त्यांनी जन्मात घातलेला नव्हता.

बटण रुसली नाही. ज्योतीने रुसायचं नसतं, हे ती बाकावर बसूनच शिकली होती. तिने "थँक्यू ताई" म्हटलं, कडक सलाम केला आणि चढलेल्या बाकावरची आपल्या बुटांची धूळ रुमालाने पुसून टाकली. मग बाहेर गेली.

रस्त्यावर तिची आई दुकानातून पळत येऊन उभी होती, हातात औषधांची पिशवी तशीच. ताई दारापर्यंत आल्या आणि खांबाआड थांबल्या. पुढे जायचं धैर्य होईना.

"मिळाला का दिवा?" आईने विचारलं. "दिला का ताईंनी?"

बटणाने खिशावर बोट टेकवलं. हो म्हणाली असती तर आई खूश झाली असती. दुकानातल्या बरणीतलं चॉकलेट मिळालं असतं, वाढदिवस गोड झाला असता. आणि खिसा बघायला कुणी वाकलंही नसतं.

"नाही मिळाला," बटण म्हणाली.

वचन घेऊन बाहेर पडल्यावरचं तिचं हे पहिलंच वाक्य होतं. ताईंनी ते खांबाआडून ऐकलं. तुझ्या शब्दावर मी विसंबते, हे त्यांच्या तोंडून तेव्हा आपोआप निघालं, पण फार हळू. मायलेकी तोवर औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचल्या होत्या. आईने पोरीच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि पिवळ्या रुमालाची गाठ सोडवत होती.